कोरडी कडधान्यं की डबाबंद?

मांस-अंडी कमी केली, हात आखडता. मग राजमा-छोले कोरडे आणायचे की शिजवलेले डबाबंद, असा एका मैत्रिणीचा प्रश्न.

पैशांत कोरडे सरळ जिंकतात. १०० ग्रॅम राजमा भिजून-शिजून सव्वादोन-अडीचपट होतो. डब्याचं वजन मात्र पाण्यासकट असतं, म्हणून भाव ताडताना निथळलेलं वजन बघा.

टिकतात दोन्ही. फक्त कोरडे फार जुने झाले की कितीही शिट्ट्या द्या, दाणा टचटचीतच. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर फरक पडतो.

खरी मेख मेहनतीत. रात्री भिजत घालायला विसरलं की दुसऱ्या दिवशी बाहेरून मागवलं जातं आणि बचत तिथेच बुडते (माझं कितीदा झालंय!). शिवाय राजमा अर्धकच्चा राहिला तर त्यातलं लेक्टिन (कच्च्या दाण्यातलं एक विषारी प्रथिन) पोट बिघडवतं; भिजवलेलं पाणी फेकून निदान १० मिनिटं खळखळून उकळी हवीच. डबा काय, उघडला की झालं. पण दाणे धुवा, मीठ बरंच उतरतं.

प्रथिनं शिजल्यावर जवळपास सारखीच. बी-१२ जीवनसत्त्व दोन्हींत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

सुट्टीच्या दिवशी पातेलंभर शिजवून फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्यांनी कोरडेच घ्यावेत. एकटे राहणारे, उशिरा घरी येणारे असाल तर दोन डबे फळीवर असू द्या.