स्पाजीसीएन की स्टेगेट? ऊतीतले वाडे ओळखताना

फोंड्याच्या भाचीचा परवा फोन आला. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विझियमचा (ऊतीत कुठल्या जागी कुठली जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजणारं तंत्र) डेटा हाती आलाय, ऊतीचे भाग पाडायचेत, स्पाजीसीएन आणि स्टेगेट या सॉफ्टवेअरपैकी कुठलं वापरू?

विझियमवर ५५ मायक्रोमीटर व्यासाचे ठिपके असतात, केंद्रापासून केंद्र १०० मायक्रोमीटरवर. साधं लीडेन क्लस्टरिंग (सारख्या ठिपक्यांचे गट पाडणारी पद्धत) ठिपक्यातली जनुकं बघतं, पत्ता विचारत नाही; म्हणून नकाशावर रंगांची भेळ होते. ग्राफ न्यूरल नेटवर्क, म्हणजे ठिपक्यांना शेजाऱ्यांशी जोडून शिकणारं मॉडेल, आपल्या गावच्या म्हाताऱ्यासारखं आधी ‘खंयच्या वाड्यावयलो?’ (कुठल्या वाड्यावरचा?) असं विचारतं. ही दोन्ही सॉफ्टवेअर त्यातलीच.

स्पाजीसीएन (२०२१) अंतरासोबत रंगवलेल्या कापाचं चित्रही धरतं. दोन ठिपके जवळ असले तरी ऊतीचा रंग वेगळा असेल तर त्यांचं नातं सैल. शेजाऱ्यांचा वाटा ‘पी’ने ठरतो, सहसा ०.५. लॅपटॉपवर आरामात चालतं. काप नीट रंगला नसेल तर मात्र चित्र वगळूनच चालवा.

स्टेगेट (२०२२) चित्राकडे बघत नाही. कुठल्या शेजाऱ्याचं किती ऐकायचं, हे त्यातलं अटेन्शन (प्रत्येक शेजाऱ्याला वजन देणारा भाग) स्वतः शिकतं. खाजनाचा बांध आठवा: अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी, मधे चार पावलं. सगळ्या शेजाऱ्यांची सरसकट सरासरी काढली की बांधच दिसेनासा होतो. पातळ थर शोधायचा असेल तर मी स्टेगेटच घेईन. एकाच ऊतीचे अनेक काप जुळवायचे असतील तर ग्राफएसटी (२०२३) बघा.

एआरआयच्या (गट तज्ज्ञांच्या खुणांशी किती जुळतात याचा गुणांक) तक्त्यांवर फार विसंबू नका. ते बहुतेक मेंदूच्या त्याच १२ कापांवरचे असतात, जिथे जास्तीत जास्त सहा थर आणि श्वेतद्रव्य एकाला एक लागून नीट मांडलेले आहेत. तिथे जो गुळगुळीत करेल तो जिंकतो. कर्करोगाच्या गाठीची ऊती अशी शिस्तीत नसते. तिथे लीडेनचा नकाशा शेजारी ठेवून मार्कर जनुकं (त्या त्या भागाची ओळख पटवणारी) तपासावीत, सीड (यादृच्छिक सुरुवातीचा आकडा) बदलून पाहावं.

भाचीने स्टेगेट घेतलं आणि सगळा निकाल लीडेनसारखाच आला. तिच्या आउटपुटची वरची ओळ वाचायला लावली: प्रत्येक ठिपक्याला सरासरी शेजारी शून्य. नमुना कोडमधला त्रिज्येचा (किती अंतरापर्यंतचे ठिपके शेजारी धरायचे) १५० हा आकडा तिने तसाच उचलला होता. तो पिक्सेलमधला, मायक्रोमीटरमधला नव्हे. तिचं चित्र जास्त रिझोल्यूशनचं. त्रिज्या वाढवली, शेजारी सहाच्या आसपास आले, तेव्हा कुठे तिला वाडे दिसू लागले.