बोर्ड बुक घ्यावं की बटणांचं बोलकं पुस्तक?

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवायचं, तर आमची पसंती जाड पुठ्ठ्याच्या बोर्ड बुकलाच. ५ पैकी ४ गुण. एक कापलाय तो कोपऱ्यांसाठी. या वयात पुस्तक आधी तोंडात जातं, मग डोळ्यांसमोर येतं. पातळ कागद पहिल्याच दिवशी फाटतो आणि घरात "फाडू नको, ठेव ते!" सुरू होतं. पुस्तकाशी ओळख अशी ओरडा खात व्हायला नको.

साधारण १५ सेंटिमीटर चौरस, दीड-दोन मिलिमीटर जाडीची १० ते २० पानं, गोल कोपरे, एवढं बघून घ्या. वर्षाच्या आसपास मूल अशी पानं स्वतः उलटू लागतं. विकत घेण्याआधी पुस्तक मधोमध उघडून सोडून द्या. ते आपोआप मिटलं, तर वाचताना एक हात कायम पान धरण्यात अडकणार. मांडीवरचं मूल सावरायचं कशाने आणि चित्रावर बोट ठेवायचं कशाने? मग दिव्याखाली जरा तिरकं धरून पाहा. चकचकीत पानावर रात्री चित्राऐवजी दिवाच दिसतो.

कोपऱ्यांचं दुखणं असं: चघळून लॅमिनेशनची कड उचलली जाते, लाळ आत मुरते, पुठ्ठ्याचे थर सुटतात आणि मूल तो पापुद्रा सोलून तोंडात घालतं. ओलं झालं की लगेच पुसून, पानं फाकवून पुस्तक उभं वाळवा. सुटलेला पापुद्रा कापूनच टाका. चित्रावर उघडझाप करणारी झडप असेल तर ती घडीवर फाटते. पुस्तक नवं असतानाच घडीला दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावलेली बरी.

पण खरी परीक्षा मजकुराची. दुकानातच एक पान मोठ्याने वाचा, संकोच नको. "हे अस्वल आहे. ते आनंदी आहे." असली वाक्यं तिसऱ्या वाचनाला वाचणाऱ्यालाच पेंग आणतात. "टोपलीखाली कोण? टोपलीखाली... म्याऊ!" अशी ओळ पानोपानी येत असेल, तर पुस्तक चाललंच समजा. पाठ झालेल्या ओळीतला शेवटचा शब्द गाळून चार-पाच सेकंद गप्प बसा. दीड-दोन वर्षांचं मूल तो आपल्या बोबड्या उच्चारात भरतं.

बोलक्या पुस्तकाला हे गप्प बसणं जमत नाही. बटण दाबलं की म्हैस हंबरते, पुन्हा दाबलं की पुन्हा हंबरते. चित्र बाजूला, वाचणाराही बाजूला. वर त्यात बऱ्याचदा बटण सेल, म्हणजे घड्याळात असतात तसे छोटे, चपटे, गोल सेल असतात. असा सेल गिळला गेला, तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे घ्यायचंच झालं, तर सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

कापडी पुस्तक धुता येतं, पहिल्या काही महिन्यांना ठीक. मजकूर मात्र नावापुरता.

दहा पुस्तकांच्या संचाच्या मोहात पडू नका. त्यात बहुधा फळं, वाहनं, रंग अशा नुसत्या याद्या असतात. त्याच पैशांत दोन-तीन लयदार पुस्तकं घ्या. मूल नाहीतरी एकच पुस्तक दिवसातून पाच वेळा आणून मांडीवर आपटणार.