मुंबई ते मोपा विमान: आठ महिन्यांच्या खेपांनंतर (घर वेंगुर्ला)

आई वेंगुर्ल्यात, तिच्या गुडघ्यांचे डॉक्टर मुंबईत आणि मी बोरिवलीत, त्यामुळे गेल्या आठ महिन्यांत या विमानाने अकरा खेपा झाल्या. गावची माणसं सारखी विचारतात, किती वेळ लागतो रे, म्हणून सगळं एकदाच लिहितोय.

मुंबई ते मोपा (उत्तर गोव्यातलं नवं विमानतळ) सरळ रेषेत साधारण ३८५ किलोमीटर. नेटवर अंतर टाकलं की अर्धा-पाऊण तास दाखवतं आणि तिकिटावर सव्वा तास, तर त्यात घोळ काही नाही. हवेत आपण जेमतेम पाऊण तास असतो, वर पोचेपर्यंत परत उतरायला लागतं, फुल स्पीड मिळतोच किती वेळ! बाकीचा वेळ जमिनीवर जातो, मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, मग विमानांची लाईन लागते, तो वेळ तिकिटावर आधीच धरलेला असतो.

मी मात्र दारापासून दारापर्यंत मोजतो. सव्वानऊचं विमान असेल तर साडेसहाला घर सोडायचं, साडेदहाला मोपा, बॅग येईपर्यंत वीस मिनिटं, भाचा गाडी घेऊन आलेला असतो, बांदा-सावंतवाडी करत बाराच्या सुमारास घरी. म्हणजे साडेपाच तास. तरी मोपा ५ जानेवारी २०२३ ला चालू झालं हे आम्हा तळकोकणवाल्यांसाठी फार मोठं काम झालं, आधी दाबोळीला, गोव्याच्या जुन्या विमानतळावर उतरून झुआरी, मांडवी नद्या ओलांडत वर यायला लागायचं. चिपी विमानतळ तर आमच्याच तालुक्यात, २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा मुंबईहून एटीआर (पंख्याचं छोटं विमान) यायचं, मला गरज पडली तेव्हा मात्र तिथून मुंबईचं काही मिळालं नाही, याचं खूप वाईट वाटतं.

पावसाळ्यात जपून. मोपा सड्यावर, म्हणजे उंच पठारावर आहे, ऑगस्टमध्ये ढग इतके खाली आलेले की आमचं विमान अर्धा तास वरच फिरत राहिलं आणि दुसऱ्या प्रयत्नात उतरलं. अर्थात पावसाळ्यात कोकण रेल्वेचंही टाइमटेबल बदलतं, दरडींमुळे गाड्या हळू चालवतात, तेव्हा तिकडेही वेळ वाढतोच.

मी एकटा असलो तर अजूनही कोकणकन्या एक्सप्रेसच. रात्री बसायचं, झोपायचं, सकाळी सावंतवाडी, सुट्टी वाया जात नाही आणि पैसे कितीतरी कमी, गणपतीला तर विमानाचं भाडं विचारूच नका. (रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळणं ही वेगळीच लढाई.)

पण आईसाठी विमानच, यात मला शंकाच उरली नाही. ट्रेनच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, रात्री बाथरूमला जायचं म्हणजे आधार लागतो. विमानाला तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवायची, वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत, आणि मदतीला येणारी पोरं इतक्या मायेने नेतात की आई प्रत्येकाला गाव विचारते. पहिल्यांदा मुंबईत उतरलो तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "इतक्यात इलंव पण?" बाबा होते तेव्हा ती एसटीने रात्रभर बसून यायची.

पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. तिकीट सकाळचंच काढलंय.