राज्यशास्त्राची पदवी: अनुदानित महाविद्यालय की कर्ज काढून खासगी विद्यापीठ?

बारावीनंतर राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे महाराष्ट्रात आज ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली अनुदानित महाविद्यालयाची, जिथे वर्षाचे शुल्क बहुधा काही हजारांतच असते आणि बाहेरगावच्या मुलांचा खरा खर्च खोली आणि खाणावळीवर होतो. दुसरी खासगी निवासी विद्यापीठाची, जिथे शुल्क, वसतिगृह आणि जेवण मिळून वर्षाला कित्येक लाख रुपये लागतात. निवड करताना बहुतेक घरांत चर्चा होते ती महाविद्यालयाच्या नावाची. माझ्या मते मात्र आधी पाहायला हवे ते या विषयातली कमाई कधी सुरू होते आणि कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो हे.

त्यासाठी एक हिशेब मांडू. तीन वर्षांत समान भागांत उचललेले 20 लाखांचे कर्ज आणि 10 टक्के व्याज धरले, तर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे, हप्ता भरावा न लागणारे सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत नुसत्या सरळ व्याजानेच थकबाकी 26 लाखांवर जाते. ती 15 वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता सुमारे 28,000 रुपये होतो आणि एकूण 50 लाखांहून अधिक रक्कम बँकेत जाते. याच पद्धतीने अनुदानित महाविद्यालयात शिकताना पुण्यात किंवा मुंबईत राहण्यासाठी घेतलेले 4 लाख रुपये 5.2 लाखांवर जातात आणि 10 वर्षांच्या परतफेडीसाठी हप्ता 6,900 रुपयांच्या आसपास बसतो. चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घ्यायची असल्यास दोन्ही आकडे वाढतील, पण खासगी विद्यापीठातली वाढ कित्येक पटींनी मोठी असेल.

आता कमाईची बाजू. केवळ बी. ए.च्या बळावर या विषयाचे असे ठरलेले पद कोणी देत नाही. चांगले उत्पन्न जवळजवळ नेहमी दुसऱ्या पात्रतेनंतर येते. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे, परंतु त्याआधी एम. ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आवश्यक असते, आणि त्यानंतरही अनेकांची वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, जातात. पीएच. डी.साठीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये मिळतात, पण तीही बहुधा एम. ए. झाल्यावरच. केंद्रीय नागरी सेवेत सुरुवातीचे मूळ वेतन 56,100 रुपये आहे आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषयही आहे. मात्र लाखो अर्जांतून साधारण हजारभर उमेदवारांची निवड होते आणि तयारीत दोन-तीन वर्षे सहज जातात. वकिलीसाठी पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. आणि त्यापुढे जम बसेपर्यंतचा अल्प उत्पन्नाचा काळ धरावा लागतो. म्हणजे ज्या वर्षांत या विद्यार्थ्याला वाट पाहण्याची मोकळीक सर्वाधिक हवी असते, नेमक्या त्याच वर्षांत मोठ्या कर्जाचा हप्ता त्याला मिळेल ती नोकरी धरायला लावतो. उच्च शिक्षण चालू ठेवल्यास बँक मुदत वाढवून देऊ शकते, पण व्याज थांबत नाही.

खासगी विद्यापीठाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. छोटे वर्ग, इंग्रजीतून सातत्याने लिहून घेणे, संशोधन संस्था आणि सल्लागार कंपन्यांशी असलेला संपर्क यांचा फायदा खरा आहे, आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरी असा वारसा नाही त्याला तो अधिक जाणवतो. तरीही हा फायदा पूर्ण शुल्काइतका मोठा आहे, असे मला वाटत नाही. विद्यापीठाने उत्पन्नावर आधारित मोठी शुल्कमाफी दिली, तर मात्र हा हिशेब पूर्णपणे बदलतो, आणि तेव्हा तिकडे जाण्यात मला काहीही गैर दिसत नाही.

कर्जाच्या अटीही रकमेप्रमाणे बदलतात. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, 7.5 लाखांहून अधिक रकमेसाठी मात्र ते लागते. म्हणजे मोठ्या कर्जात घर किंवा जमीन गुंतते. 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या योजनेत तिच्या यादीतील संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात 3 टक्के व्याजसवलतही मिळू शकते, मात्र दरवर्षीच्या लाभार्थ्यांची संख्या मर्यादित आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठीची संपूर्ण व्याजमाफी तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना असते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती गृहीत धरू नये.

पदवी अनुदानित महाविद्यालयातून घ्यावी आणि खर्चाची ताकद पुढच्या टप्प्यासाठी राखावी, हा मार्ग मला सर्वांत भक्कम वाटतो. एम. ए.साठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय विद्यापीठात जाता येते, आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या ठिकाणी वर्षाचे शिक्षणशुल्क काही शे रुपयेच असते. पदवीच्या तीन वर्षांत इंग्रजी लेखन आणि आकडेवारी हाताळण्याचे कौशल्य मात्र स्वतःहून कमवावे लागेल, कारण वर्गात ते क्वचितच शिकवले जाते.

कर्ज घ्यायचेच असेल, तर पहिला पगार 30,000 रुपये धरून हप्ता त्याच्या पावपटीत, म्हणजे 7,500 रुपयांत बसवावा; वरच्या हिशेबाप्रमाणे ती मर्यादा साधारण 4 लाखांच्या कर्जापाशी येते. त्याहून मोठी रक्कम मागणाऱ्या विद्यापीठाकडे संपूर्ण संस्थेचा सरासरी पगार विचारू नये. गेल्या तुकडीतील राज्यशास्त्राचे विद्यार्थी नेमके कोठे लागले आणि त्यांच्यापैकी किती जण अजून पुढे शिकत किंवा परीक्षांची तयारी करीत आहेत, हे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावे.