हाताने बनवलेले दोन चाकू, नऊ महिने वापर आणि मधले १२ मिमी

गेल्या आठवड्यात मोठ्या चाकूच्या मुठीची डावी फळी पुढच्या टोकाला सुटली. नख जेमतेम शिरेल एवढीच फट, पण आत पाणी जायला तेवढी पुरते. टँगवर, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या शेपटीवर, गंजाचा तांबूस ठिपका दिसला तेव्हा डोकं फिरलं. बनवणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर, "लाकूड आहे, हलणारच. उन्हात ठेवला होता का?" ठेवला होता. एकदा, बंद गाडीत. पण रानात वापरायचा चाकू उन्हात न्यायचा नाही, तर काय कपाटात मांडून ठेवायचा? दुरुस्ती करून देतो म्हणाला, मात्र जाण्यायेण्याचा खर्च माझा. मी नको म्हटलं. त्या पैशात इपॉक्सी गोंदाच्या चार ट्यूब येतात.

फट खरवडली, अ‍ॅसिटोनने पुसली, इपॉक्सी भरली आणि दिवसभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवला. आता घट्ट आहे. खरं तर दोष पूर्णपणे त्याचा नाही. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे आपल्या रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं, पोलाद तसं करत नाही. दोघांच्या भांडणात चिकटवलेला सांधा मरतो. लहान चाकूला मायकार्टाच्या (राळेत दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या थरांच्या) फळ्या आहेत, त्या नऊ महिन्यांत केसभरही हलल्या नाहीत.

मापं सांगतो, म्हणजे पुढचं रडगाणं कळेल. मोठा: पातं १२५ मिमी, पाठ ५ मिमी जाड, वजन २९० ग्रॅम, अक्रोडाची मूठ. लहान: पातं ९८ मिमी, पाठ ३.२ मिमी, वजन १६५ ग्रॅम. दोन्ही कार्बन स्टील (गंजणारं पोलाद), फुल टँग (टँग मुठीच्या टोकापर्यंत), स्कँडी ग्राइंड (दोन्ही बाजूंना थेट धारेपर्यंत एकच सपाट उतार). बनवणारे वेगवेगळे.

पहिले दोन महिने मी मोठ्याच्या प्रेमात होतो. हातात घेतला की वाटायचं, हा खरा चाकू. ओंडका उभा ठेवायचा, पातं टेकवायचं, पाठीवर दांडकं हाणायचं, की पाच मिमीची पाठ पाचरीसारखी काम करते आणि लाकूड फाकतं. टोक दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर राहायला हवं, म्हणजे मोठ्याने साधारण १० सेंटिमीटरचं लाकूड फुटतं, लहान्याने सातचं. हिशोब मोठ्याच्या बाजूने. लहान चाकू तेव्हा पिशवीच्या तळाशी पडून असायचा.

मग एका संध्याकाळी लाकूड ओलं होतं आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या फेदर स्टिक, म्हणजे पातळ छिलके न तोडता तासलेल्या आग पेटवायच्या काड्या, करायच्या होत्या. आठ-दहा काड्या. तिसऱ्या काडीपर्यंत मनगट भरून आलं, पाचवीला अंगठा आणि तर्जनीच्या मधे फोड. वैतागून लहान चाकू काढला आणि उरलेल्या काड्या तासल्या. मोठ्याचे छिलके जाड, मधेच तुटणारे. लहान्याचे पातळ, गुंडाळी होऊन काडीलाच चिकटून राहिलेले. वाटलं वजनाचा फरक असेल. घरी येऊन पट्टी लावली.

मूठ संपते तिथून धार सुरू होते तिथपर्यंत लहान चाकूत ३ मिमी आहेत. मोठ्यात १२. हे १२ मिमी मला गेले सहा महिने झोपू देत नाहीयेत.

हसू नका, गणित बघा. जोर लावून तासताना आपण मुठीजवळचीच धार वापरतो. पंजाच्या मध्यापासून मुठीच्या पुढच्या कडेपर्यंत माझं अंतर साधारण ४५ मिमी. म्हणजे धारेपर्यंत लहान्यात ४८, मोठ्यात ५७. तेवढ्याच कापासाठी मनगटावर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जास्त पीळ, प्रत्येक छिलक्याला. बनवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, ती जागा बोट पुढे ठेवायला आहे. माझी तर्जनी १८ मिमी रुंद आहे. १२ मिमीत ती बसवायची कशी, तेही सांगा! बोट बसत नाही, धारही नाही. मधे नुसतं चकचकीत पोलाद, बघायला छान. धार लावताना दगड धारेच्या शेवटपर्यंत पोचावा म्हणून थोडी जागा लागते हे कबूल, पण त्याला तीन मिमी पुरतात, लहान चाकू रोज सिद्ध करतो.

एकदा खोट काढायला लागलो की थांबत नाही, म्हणून जाडीचंही सांगून टाकतो. स्कँडीला दोन्ही बाजू मिळून २५ अंश धरले, तर ५ मिमी पाठीला उताराची रुंदी होते ११ मिमीच्या वर, ३.२ मिमीला सातच्या आसपास. दगडावर पूर्ण उतार टेकवून घासायचा असतो, त्यामुळे मोठ्याला धार लावणं म्हणजे अर्धी दुपार गेली. शिवाय गाजर कापायला घेतलं की कापलं न जाता कडकन तडकतं.

एवढ्या तक्रारी केल्या, पण मागच्या महिन्यात मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. थंडीत जाड हातमोजे घालून लहान्याची २१ मिमी जाडीची मूठ पकडली तर ती हातात फिरते, धार कुठे वळलीये ते कळत नाही. मोठ्याची मूठ २६ मिमी आणि आडवा छेद अंड्यासारखा, न बघताही धारेची दिशा हाताला समजते. मूठ त्याने खरोखर सुरेख बनवलीये. म्हणूनच तर राग येतो. एवढी मूठ जमली आणि पुढचे १२ मिमी चुकले?

लहान्यातही एक खोट होती. पाठ गोल घासलेली, फायर स्टीलवर (पाठ घासून ठिणग्या पाडायची कांडी) ठिणगीच पडेना. पुढच्या अर्ध्या भागाची पाठ मी दगडावर काटकोनात आणली, मागची गोलच ठेवली, कारण तिथे अंगठा दाबायचा असतो. आणखी एक, दोन्हींना चामड्याची म्यानं आहेत, त्यात चाकू कायमचा ठेवू नका. चामडं ओल धरतं, कार्बन स्टीलवर दोन दिवसांत डाग.

मोठं लाकूड फोडायचंच झालं, तर लाकडाच्याच दोन पाचरी तासून घेतो. त्या फुकट. रानातल्या मुक्कामावर पुस्तकं लिहिणाऱ्या अमेरिकन होरेस केफार्टने शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या चाकूचं माप दिलंय: पातं साडेचार इंच, मूठ तेवढीच, पाठ १/८ इंच, म्हणजे ३.२ मिमी. आणि मी पाच मिमीसाठी जादा पैसे मोजले. माझ्या जुन्या मोरा कंपॅनियनचं (कारखान्यात बनलेला साधा स्वीडिश चाकू) पातं तर अडीच मिमीचंच आहे, आणि फेदर स्टिक तो आजही लहान्याइतक्याच चांगल्या करतो. हे लिहिताना जिवावर येतंय.

तिसरा चाकू घेणार नाही असं घरी कबूल केलंय. पण पुठ्ठ्याचा नमुना कापलाय: मोठ्याची मूठ, लहान्याचं पातं, मधे ३ मिमी. मुठीचा पहिला लाकडी ठोकळा हातमोजे घालून आवळून पाहिला, कड टोचली, परत तासला. मोठ्याच्या बनवणाऱ्याला फोटो पाठवून विचारलं, असा जमेल का. "जमेल. पण ३ मिमी फार कमी वाटतं, ८ ठेवू का?"