एकाच टीव्हीखाली प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस: पावसाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, कारण निम्मे लोक तेवढ्यासाठीच वाचतात. मुंबईत राहून टीव्हीवर गेम खेळायला एकच कन्सोल घ्यायचा असेल तर सोनीचा प्लेस्टेशन ५ घ्या, आणि तोही डिस्क ड्राइव्ह असलेला. हे लिहिताना मला फार आनंद होत नाहीये. घरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणला तो मी, आणि भावाशी त्यावरून हुज्जत घातली तीही मीच.

परळच्या आमच्या वन बीएचकेत माझा सिरीज एस, म्हणजे एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल, होताच. पावसाळ्याच्या तोंडावर धाकटा भाऊ नोकरीसाठी नाशिकहून राहायला आला, तो कपड्यांच्या बॅगेआधी प्लेस्टेशन ५ स्लिम घेऊन. तेव्हापासून दोन्ही एकाच त्रेचाळीस इंची टीव्हीला लागलेत. एक माणूस ऑफिसमधून आठला येतो, दुसरा साडेनऊला, आणि आईची मालिका संपेपर्यंत कोणालाच टीव्ही मिळत नाही. म्हणजे खेळ सुरू होतो दहाला. पुढचं सगळं या वेळापत्रकात वाचा.

या वेळापत्रकात सिरीज एस फार गुणी आहे. क्विक रिझ्युम नावाची जी सोय आहे तिच्यात चालू गेम जिथे सोडला तिथेच काही सेकंदांत उघडतो. दोन-तीन गेम असे अर्धवट ठेवता येतात, आणि ती अवस्था एसएसडीवर, म्हणजे आतल्या स्टोरेजवर, लिहून ठेवलेली असल्यामुळे मधे वीज गेली तरी टिकते. प्लेस्टेशनला रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवलं आणि घराचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, पडला, की पुढच्या वेळी तो ‘नीट बंद केला नव्हता’ म्हणून आधी स्टोरेज तपासत बसतो आणि गेम पुन्हा शेवटच्या सेव्ह पॉइंटपासून, म्हणजे प्रगती शेवटची साठवली होती तिथून, खेळावा लागतो. पावसाळ्यात गीझर आणि इस्त्री एकदम लावणारं घर असेल तर हा फरक लक्षात येतो.

आवाज जवळजवळ शून्य. आकार इतका लहान की टीव्ही युनिटच्या कप्प्यात आडवा बसतो. वर ती गोल काळी जाळी, त्यामुळे आई अजूनही त्याला स्पीकर समजून पुसते. प्लेस्टेशन स्लिमचा ‘स्लिम’ मात्र फक्त पहिल्या मॉडेलच्या तुलनेत. आमच्या युनिटच्या मधल्या कप्प्यात तो गेलाच नाही, शेवटी खाली फरशीवर उभा केला. फरशीवरचा कन्सोल म्हणजे धूळ आयती आत, म्हणून भाऊ दर रविवारी ब्रश घेऊन बसतो. घरातलं दुसरं काही पुसताना तो दिसलेला नाही, हे नोंदवून ठेवते.

चित्राच्या बाबतीत कागदावर मोठी दरी आहे. सिरीज एसची ग्राफिक्सची ताकद साधारण ४ टेराफ्लॉप्स, प्लेस्टेशन ५ ची १०.२८. मेमरी १० जीबी विरुद्ध १६. पण सोफ्यावरून सहा-सात फुटांवरच्या त्रेचाळीस इंचांत ही दरी आम्हाला तरी क्वचितच दिसली. गेम प्लेस्टेशनवर सेकंदाला ६० फ्रेमने आणि सिरीज एसवर ३० ने चालत असेल तर मात्र फरक डोळ्यांना नाही, बोटांना कळतो. खरा त्रास वेगळाच. स्वस्त मशीन विकताना ‘दोन्ही एक्सबॉक्सवर (स्वस्त सिरीज एस आणि महाग सिरीज एक्स) गेम सारखाच चालला पाहिजे’ हे मायक्रोसॉफ्टचं धोरण गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात आलं. ‘बाल्डर्स गेट ३’ प्लेस्टेशनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आला. एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला, कारण दोघांनी एका स्क्रीनवर खेळायची सोय सिरीज एसला झेपेना. ती सोय वगळायची परवानगी मिळाली तेव्हा कुठे गेम आला. सिरीज एसवर ती सोय २०२५ मध्ये पोचली. ज्या घरात दोन माणसं आणि एक टीव्ही आहे त्यांना नेमकी तीच हवी असते.

आता प्लेस्टेशनच्या पॅडबद्दल, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरबद्दल. या एका गोष्टीवर मी गप्प बसते आणि भाऊ बोलतो. ‘रिटर्नल’ नावाचा गेम आहे, परग्रहावर एकटी बाई अडकलेली. सुरुवातीलाच तिथे पाऊस पडतो, आणि त्याचे थेंब तळहातावर वेगवेगळे जाणवतात: इथे एक, तिथे दोन, मग सर. डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम धरला जातो. तिथे बोटाला चक्क एक अडसर लागतो, आणि तो ओलांडून आणखी दाबलं की बंदुकीचा दुसरा मारा सज्ज होतो. जुलैत खिडकीबाहेर छज्ज्याच्या पत्र्यावर धो धो आणि हातात हा पाऊस. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये यातलं काही नाही, वर त्यात अजून पेन्सिल सेल घालावे लागतात. सेलवाल्याचा एक फायदा आहे, बॅटरी म्हातारी झाली म्हणून पॅड टाकावा लागत नाही. चार्जिंगचे सेल आणले की झालं.

तरीही निकाल पॅडवर लागला नाही. लागला डिस्कवर.

नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. सिरीज एसला डिस्कचं तोंडच नाही, म्हणजे एकतर ऑनलाइन स्टोअरमधून पूर्ण किमतीला घ्या, सेलची वाट पाहा, नाहीतर गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या मासिक योजनेचं भाडं भरा. प्लेस्टेशनवाला मात्र सेकंड हँड डिस्क घेतो, महिनाभरात संपवतो आणि थोडं नुकसान सोसून पुढे विकतो. भाऊ शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जातो, एक डिस्क देतो, वर पाच-सातशे घालतो, दुसरी घेऊन येतो. मी एकदा सोबत गेले होते. काउंटरवरच्या मुलाने डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, मागची बाजू फिरवून ओरखडे पाहिले, कव्हर उघडून आत कोड वापरलाय का बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात आकडा सांगितला. मी एक्सबॉक्सचं विचारलं तेव्हा त्याने आधी मॉडेल विचारलं. सिरीज एस म्हटल्यावर म्हणाला, “मॅडम, मग तुमचं आमच्याकडे काही काम नाही.” वाक्य सरळ होतं, पण लागलं.

गंमत म्हणजे हे युद्ध एकदा याच मुद्द्यावर जिंकलं गेलं होतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी आणि जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधनं, असा बेत होता. सोनीने उत्तरादाखल अर्ध्या मिनिटाच्याही आतली एक चित्रफीत काढली. गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक अधिकारी डिस्क उचलतो, शेजारच्याच्या हातात देतो, तो आभार मानतो, संपलं. त्यात प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ डॉलर आणि एक्सबॉक्स वनची ४९९. मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आत ती बंधनं मागे घेतली, पण लोकांच्या मनातून एकदा उतरलं ते उतरलं. आपल्याकडे तर प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्येच दुकानात आला आणि एक्सबॉक्स वन यायला सप्टेंबर उजाडला. तेवढ्यात माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचे मित्र, डिस्का आणि देवाणघेवाण सोनीकडे जमा झाली होती. आमच्या पिढीला ती सवय आधीपासूनच होती म्हणा. पायरेटेड डिस्का चालाव्यात म्हणून चिप बसवलेला प्लेस्टेशन २ आणि फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या पाकिटातल्या डिस्का, यावर मुंबईची किती पोरं वाढली ते वेगळं सांगायला नको.

मग मी सिरीज एस का घेतला? गेम पाससाठी. आणि काही काळ तो व्यवहार खरंच भारी होता. मायक्रोसॉफ्टचा नवा गेम आला त्याच दिवशी भाड्यात हजर, शिवाय शेकडो जुने. एरवी विकत कधीच घेतला नसता असा ‘पेंटिमेंट’ मी त्यामुळे खेळले. सोळाव्या शतकातल्या जर्मन गावातला चित्रकार, खून आणि मठातली पोथ्यांची खोली. अजून सगळ्यांना सांगत सुटते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासचा अल्टिमेट, म्हणजे सगळ्यात वरचा, प्लॅन महिन्याला ८२९ वरून थेट १,३८९ रुपयांवर नेला. वर्षाचा हिशोब करा, साडेसोळा हजारांच्या वर. त्या पैशात भाऊ पाच-सहा सेकंड हँड गेम घेईल आणि शेवटी त्यातले अर्धेअधिक पैसे त्याच्या खिशात परत असतील. मी प्लॅन खाली आणला. खालच्या प्लॅनमध्ये मायक्रोसॉफ्टचे नवे गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच गेलं.

आणि ते नवे गेमही आता फक्त एक्सबॉक्सचे राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चार गेम दुसऱ्यांच्या मशीनवर देतो म्हणून सांगितलं, त्यात माझा ‘पेंटिमेंट’ही होता. एप्रिल २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ प्लेस्टेशनवर आला, ऑगस्टमध्ये ‘गियर्स ऑफ वॉर’. आणि २०२६ मध्ये ‘हेलो’ येणार असं जाहीर झालं. ‘हेलो’! ज्याच्या जोरावर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स उभा राहिला तो. बातमी आली त्या रात्री भावाने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, तुझा पक्ष विलीन झाला गं.” महाराष्ट्रात राहून यावर काय बोलणार.

याचा आनंद प्लेस्टेशनवाल्यांना होतोय, होऊ द्या. मला त्यात त्यांचंच नुकसान दिसतं. या धंद्यात ग्राहकाचं भलं झालं ते दोघं एकमेकांच्या नरड्याला लागले असताना. १९९५ मध्ये सेगा या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने अमेरिकेत आपल्या सॅटर्न कन्सोलची किंमत ३९९ डॉलर सांगितली. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर येऊन ‘२९९’ एवढाच आकडा बोलून खाली उतरला. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरला निघाला, एक्सबॉक्स समोर उभा ठाकल्यावर २००२ मध्ये १९९ झाला, २००९ मध्ये ९९. वय वाढेल तसा कन्सोल स्वस्त, हा नियमच होता. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला. स्लिम आला २०२४ मध्ये, ५४,९९० ला. अमेरिकेत ३०० डॉलरचा सिरीज एस ऑक्टोबर २०२५ मध्ये ४०० चा झाला. चिप पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत, आयातशुल्क आहे, ही कारणं खरी आहेत. पण समोरचा भाव पाडेल अशी धास्ती असती तर दोघांनीही थोडं सोसलं असतं. आता सोनीला कोणाची धास्ती आहे?

तिसरी कन्सोल कंपनी निन्टेन्डोचं म्हणाल तर तो या भांडणात उतरतच नाही, आणि आपल्या बाजारातही नाही. भारतात त्यांची अधिकृत विक्रीच नाही. त्यांचा स्विच हा कन्सोल हवा असेल तर हिरा पन्ना मार्केट किंवा लॅमिंग्टन रोड, आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. यातला विनोद असा की ‘राजी’ हा पुण्यातल्या पोरांनी बनवलेला, राजस्थानी वाड्यांतून आणि पुराणकथांतून फिरणारा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला. आपला गेम, आपल्याकडे न विकल्या जाणाऱ्या मशीनवर.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द. दोनपैकी एका पॅडची अंगठ्याने फिरवायची काडी ऑगस्टपासून आपोआप डावीकडे सरकायला लागली. कोणाचा ते सांगत नाही, कारण हा रोग दोन्ही घराण्यांत आहे. आतला सेन्सर घासून चालतो आणि झिजतो. एका दुकानात तो बदलून घेतला, तीन आठवड्यांत परत तेच. दुसऱ्याने चुंबकावर चालणारा हॉल इफेक्टचा भाग बसवला, तो अजून ठणठणीत आहे. वॉरंटी संपलेली असेल तर मागताना हाच मागा.

स्टोरेजचाही हिशोब आधीच करून ठेवा. माझ्या ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये हाताशी येते साधारण ३६४. हल्लीचे गेम शंभर जीबीला सहज टेकतात, म्हणजे तीन गेम आणि चौथ्यासाठी कोणाला हाकलायचं याची चर्चा. जागा वाढवायला एक्सबॉक्सचं ठरावीक आकाराचंच कार्ड लागतं. प्लेस्टेशनला कॉम्प्युटरची साधी वेगवान एम.२ एसएसडी चालते. लॅमिंग्टन रोडवर दहा दुकानांत भाव करून घेता येते, बसवायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

सेकंड हँड प्लेस्टेशन घेणार असाल तर बिल मागा, डिस्क आत घालून बाहेर काढून बघा, वायफाय लावून बघा आणि किमान अर्धा तास एखादा जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. आणि ज्यांच्याकडे सिरीज एस आहे त्यांनी तो घाईने विकू नका, त्याला सध्या भावच येत नाही. माझा तर टीव्हीखालीच राहणार आहे. ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या फुटबॉलच्या गेममध्ये एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवाले समोरासमोर खेळू शकतात, त्यामुळे भावासाठी बेडरूममध्ये एक जुना मॉनिटर शोधतोय. कोणाकडे चोवीस इंची पडून असेल तर दादर ते भायखळा कुठेही येऊन घेऊन जाईन.