हक्क शिकणारेच पुढे शिक्षक होतात: एल पासोच्या ‘बॉर्डर नेटवर्क फॉर ह्युमन राइट्स’च्या सेवेचे परीक्षण

टेक्सासच्या पश्चिम टोकाचे एल पासो आणि नदीपलीकडचे मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस ही शहरे एकमेकांना इतकी लागून आहेत की कित्येक कुटुंबांतली काही माणसे अलीकडे आणि काही पलीकडे राहतात. या सीमेवर ‘बॉर्डर नेटवर्क फॉर ह्युमन राइट्स’ ही संघटना 1998 पासून काम करीत आहे. फर्नांदो गार्सिया हे तिचे संस्थापक संचालक असून एल पासो परगणा आणि शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याचा दक्षिण भाग हे तिचे मुख्य कार्यक्षेत्र आहे. हक्कांचे प्रशिक्षण, अन्यायाच्या तक्रारींची नोंद आणि त्या नोंदींच्या बळावर सरकारी यंत्रणांशी बोलणी असे तिच्या कामाचे स्वरूप असल्यामुळे तिच्याकडे एक सेवा म्हणून पाहणे आणि त्या सेवेचे गुणदोष मांडणे मला उचित वाटते. माझे मत आधीच सांगतो. स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या ज्या उपक्रमांचा मला परिचय आहे, त्यांत या संघटनेच्या प्रशिक्षणाला मी फार वरचे स्थान देईन, कारण येथे आलेल्या माणसाला मदतीच्या रांगेत बसवून ठेवले जात नाही, तर त्यालाच आपल्या वस्तीचा शिक्षक केले जाते.

या सेवेची गरज समजण्यासाठी एल पासोतल्या कागदपत्रे नसलेल्या माणसाचे जगणे डोळ्यांपुढे आणावे लागते. 1953 च्या एका नियमाने सीमेपासून 100 मैलांपर्यंतचा पट्टा बॉर्डर पेट्रोल या सीमा गस्ती दलाच्या विशेष अधिकारांखाली आणला. शहरातून पूर्वेकडे निघाले की महामार्गावर सिएरा ब्लांका येथे तपासणी नाका लागतो आणि उत्तरेकडे निघाले की लास क्रूसेसच्या पुढे दुसरा लागतो. दक्षिणेला तर सीमाच आहे. अशा माणसाला वीस वर्षे येथे राहून, कर भरून आणि मुले शाळेत घालूनही आजारी मुलाला दूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे म्हटले तर नाक्यावर पकडले जाण्याची तयारी ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली अशा नाक्यांवर संशय नसतानाही थोडक्यात चौकशी करणे वैध ठरवले. मात्र रस्त्यावर फिरत्या गाडीतून गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्याला केवळ चेहऱ्यामोहऱ्यावरून एखादे वाहन अडवता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी स्पष्ट केले होते. हा बारीक फरक वकिलाला माहीत असतो. शेतात मिरची तोडणाऱ्या बाईला तो माहीत नसतो, आणि अडवले जाण्याचा प्रसंग येतो तो तिच्यावर.

संघटनेच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. ‘कोलोनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये जमिनीचे तुकडे स्वस्तात विकले गेले, पण नळ, सांडपाणी आणि पक्के रस्ते यांची सोय झाली नाही. तेथे संघटनेच्या समित्या आहेत. या समित्यांतून तयार झालेल्या कार्यकर्त्यांना ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. त्यांत बायांची संख्या डोळ्यांत भरते. अमेरिकी राज्यघटनेतील मूलभूत हक्क आणि संयुक्त राष्ट्रांचा 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा या दोन आधारांवर त्या शिकवतात. मी पाहिलेल्या वर्गात सर्वाधिक वेळ दारावरच्या प्रसंगाला दिला गेला. एक बाई अधिकारी झाली आणि दुसरी घरातली. दार उघडायचे नाही, घरात शिरण्याचा हुकूम असलेला कागद, म्हणजे वॉरंट, दाराखालून सरकवायला सांगायचा, आणि तो हातात आल्यावर आधी वर कोणाचे नाव छापले आहे ते पाहायचे, न्यायालयाचे की स्थलांतर खात्याचे. मग खाली सही कोणाची आहे, न्यायाधीशाची की खात्यातल्याच एखाद्या अधिकाऱ्याची, कारण घरात शिरायला न्यायाधीशाची सही लागते. आणि शेवटी नाव व पत्ता बरोबर आहे का. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीच्या हातात त्या कागदाचा नमुना दिला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवायला लावले. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, त्यांनाही तो कागद कसा दिसतो हे डोळ्यांनी ओळखता येऊ लागले. ‘मला प्रश्नांची उत्तरे द्यायची नाहीत’ हे इंग्रजी वाक्य शांत स्वरात म्हणण्याचा सराव तर इतक्या वेळा झाला की लाजणाऱ्या बायांचा आवाजही हळूहळू स्थिर झाला. मूलभूत हक्कांवरची अनेक व्याख्याने मी ऐकली आहेत, परंतु हक्क माणसाच्या जिभेवर आणि बोटांत उतरवण्याचे इतके चोख काम क्वचितच पाहिले आहे.

या पद्धतीमागे या शहराचा अनुभव आहे. सीमेला अगदी लागून असलेल्या बोवी हायस्कूलच्या आवारात बॉर्डर पेट्रोलचे अधिकारी विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना अडवून कागद विचारत असत. त्यांतले बहुतेक जण अमेरिकेचे नागरिक होते. विद्यार्थी आणि कर्मचारी न्यायालयात गेले आणि 1992 च्या डिसेंबरात फेडरल न्यायालयाने केवळ हिस्पॅनिक दिसण्यावरून कोणाला अडवण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी बॉर्डर पेट्रोलचे तेथील प्रमुख सिल्वेस्त्रे रेयेस यांनी शेकडो अधिकारी थेट सीमारेषेवर उभे केले. त्यामुळे शहरातल्या धरपकडी कमी झाल्या, पण तीच रीत पुढे अन्यत्र उचलली गेल्यावर ओलांडणाऱ्यांची वाट वाळवंटाकडे वळली आणि तेथे मृत्यू वाढले. एका हाताने मिळालेला न्याय दुसऱ्या हाताने किती महाग होऊ शकतो, हे पाहिलेल्या माणसांनी ही संघटना उभी केली आहे.

सेवेचा दुसरा भाग तक्रारींच्या नोंदीचा आहे, आणि माझ्या मते तो प्रशिक्षणाइतकाच मोलाचा आहे. कार्यकर्ते ठरावीक काळात घरोघर जाऊन, कोणत्या खात्याच्या माणसाने, कोठे, केव्हा, काय विचारले, झडती घेतली का, कागद दाखवला का, शिवीगाळ किंवा मारहाण झाली का, हे नोंदवून घेतात. आपल्याकडच्या जनसुनवाईत बोललेले बरेचसे हवेत विरते; येथे मात्र प्रत्येक प्रसंग तारखेसह कागदावर येतो. त्याचे वजन 2006 साली दिसले. एल पासो परगण्याच्या शेरीफ खात्याचे पोलीस वाहतुकीची नाकाबंदी करून लोकांना स्थलांतराबाबत विचारू लागले होते. संघटनेने व इतरांनी तक्रारींसह विरोध उभा केल्यावर ती नाकाबंदी थांबवावी लागली.

या संघटनेवर होणारा मुख्य आक्षेप येथे विचारात घ्यायला हवा. ती बॉर्डर पेट्रोलच्या स्थानिक अधिकाऱ्यांबरोबर नियमितपणे चर्चेला बसते आणि काही कडव्या कार्यकर्त्यांना हे पटत नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी नोंदवायच्या, त्यांच्याशीच हस्तांदोलन कसे करायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. मला हा आक्षेप तळमळीचा वाटतो, पण मान्य होत नाही. रोज त्याच रस्त्यावर गाठ पडणाऱ्या यंत्रणेशी बोलणे टाळणे दूरच्या शहरातल्या कार्यकर्त्याला परवडते, कोलोनियातल्या माणसाला परवडत नाही. मात्र हा संवाद वरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, ही त्याची खरी कमजोरी आहे.

‘अब्रासोस नो मुरोस’, म्हणजे भिंती नकोत, गळाभेट हवी, या उपक्रमात संघटनेची ही ताकद आणि ही कमजोरी दोन्ही एकत्र दिसतात. ऑगस्ट 2016 मध्ये प्रथमच अधिकाऱ्यांच्या संमतीने आणि देखरेखीखाली रिओ ग्रांदेच्या उथळ पात्रात दोन्ही बाजूंची कुटुंबे काही मिनिटांसाठी भेटली, आणि त्यानंतर हे अनेकदा घडले. अमेरिकेच्या बाजूच्यांनी निळा सदरा आणि मेक्सिकोच्या बाजूच्यांनी पांढरा घालायचा, म्हणजे गर्दीत कोण कोणत्या देशात परतणार ते ओळखता येते. दहा-पंधरा वर्षांनी आईला भेटणाऱ्या माणसाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. तीन मिनिटांत आई लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहते तोवर वेळ संपतो. परवानगी मिळाली नाही तर हेही घडत नाही. 2025 मध्ये एल पासोलगतचा सीमेचा पट्टा लष्करी क्षेत्र म्हणून घोषित झाल्यावर अशा परवानगीवर विसंबणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायद्यातील सुधारणा घडवण्यात संघटनेला आणि तिच्यासारख्या इतरांना यश आलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. 2013 साली सिनेटने 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात लाखो लोकांना नागरिकत्वाचा मार्ग होता, पण त्याच्या बदल्यात सीमेवर सुमारे 20,000 जादा अधिकारी नेमण्याची अट होती. म्हणजे देशभरातल्या स्थलांतरितांच्या सुटकेची किंमत सीमेवरच्या वस्त्यांनी मोजायची होती. पुढे प्रतिनिधीगृहाने ते विधेयक मतदानालाच घेतले नाही.

ही सेवा कोणासाठी नाही, तेही सांगतो. ज्याच्यावर हद्दपारीचा खटला सुरू आहे, त्याने वकील गाठावा. एल पासोत त्यासाठी ‘लास अमेरिकास’ ही संस्था आहे. रात्रीच्या निवाऱ्यासाठी 1978 पासून चालणारे ‘अनन्सिएशन हाउस’ आहे. शिवाय येथील सारे काम वस्तीच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये चालते आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे सीमा ओलांडून आलेला पंजाबी, गुजराती किंवा मराठी माणूस या जाळ्याबाहेर राहतो. एल पासोच्या स्थानबद्धता केंद्रात 2019 च्या आरंभी उपोषण करणाऱ्या भारतीयांना नळीने सक्तीने अन्न भरवण्यात आले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये 104 भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवण्यात आले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. या माणसांना त्यांच्या भाषेत कोणी हक्क शिकवत नाही. अमेरिकेतील आपल्या मंडळांनी गणेशोत्सवासाठी आणि अधिवेशनांसाठी उभी केलेली यंत्रणा फार सक्षम आहे. तिचा थोडा भाग दारावरच्या प्रसंगाचा हा धडा मराठी, गुजराती आणि पंजाबीत करून घेण्यासाठी वापरावा, असे मला मनापासून वाटते.

स्वयंसेवक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी कामापुरते स्पॅनिश शिकावे, आणि एखाद्या आठवड्यासाठी न जाता काही महिने देता येतील तेव्हाच जावे. समितीतल्या बाया नव्या माणसावर लगेच विश्वास टाकत नाहीत, आणि त्यांच्यावर जे गुदरले आहे ते पाहता त्यांनी तो टाकूही नये.